पाइनच्या जंगलाचा बायोमास: उंची-पावसाच्या आधी घेर बघा

जमिनीवरचा बायोमास म्हणजे खोड, साल, फांद्या आणि सुया यांचं मिळून सुकं वजन. एका पाइनच्या जंगलात तो भरपूर आणि शेजारच्यात कमी का, हे शोधायचं असेल तर हवामानाचे तक्ते आधी उघडू नका. टेप काढा.

घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर घ्यायचा. काही ठिकाणी 1.37 धरतात, जे ठरवाल ते शेवटपर्यंत ठेवा. उतारावर ही उंची झाडाच्या चढाकडच्या बाजूने मोजा. पाइनच्या फांद्या एकाच पातळीवर गोल फुटतात आणि तिथे खोड फुगतं. टेप नेमकी तिथेच येत असेल तर वर आणि खाली सारख्या अंतरावर मोजून सरासरी घ्या. राळ काढल्याची खाच असेल तर मी तिच्या वर मोजते आणि वहीत तसं लिहून ठेवते. घेराला 3.14 ने भागलं की व्यास.

एवढी चिकित्सा अशासाठी की वजन व्यासाच्या साधारण अडीचाव्या घाताने वाढतं. 40 सेंमी व्यासाचं एक झाड 20 सेंमीच्या पाच झाडांना भारी पडतं. त्यामुळे मोजणीसाठी आखलेल्या तुकड्याच्या, म्हणजे प्लॉटच्या, हद्दीवरचं थोराड झाड आत की बाहेर, हे पुन्हा एकदा मोजून ठरवा. 0.1 हेक्टरच्या गोल प्लॉटची त्रिज्या 17.84 मीटर, पण ती आडवी. 30 अंशांच्या चढाला सरळ वर जाताना टेप 20.6 मीटर सोडावी लागते. नाहीतर उतारावरचं जंगल उगाचच हलकं ठरतं.

आता कारणं. वय आणि दाटी एकत्रच वाचा. कोवळ्या, गच्च रानात झाडं पुष्कळ, वजन थोडं. पुढे स्पर्धेत कमजोर झाडं मरतात, संख्या घटते आणि उरलेली जाडजूड होतात. वयासाठी गिरमिटाने खोडाचा नमुना काढून वलयं मोजा.

मग सारख्या वयाच्या प्लॉटांमध्ये मातीची खोली आणि उताराची दिशा ताडून बघा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचा उतार जास्त तापतो, माती लवकर सुकते. करपलेली साल आणि तोडलेले बुंधेही नोंदवा.

समुद्रसपाटीपासूनची उंची हे कारण म्हणून लिहिलेलं मला पटत नाही. तिच्यात तापमान, पाऊस आणि माणसाची कुऱ्हाड, सगळंच मिसळलेलं असतं. ते सुटं करा.

शेवटी व्यासावरून वजन काढायचं समीकरण त्याच जातीचं घ्या, आणि ते ज्या व्यासांच्या झाडांवरून बसवलंय त्यापलीकडच्या झाडांना लावू नका.