गोल्डफिशच्या हौदात सोबती सोडताना या चुका टाळा

बेळगाव-खानापूरकडे परड्यात हौद बांधून गोल्डफिश सोडले, की कुणी ना कुणी प्लास्टिकच्या पिशवीतून आणखी काहीतरी घेऊन येतंच. हौद बिघडायला सुरुवात बहुधा तिथून होते. गोल्डफिश थंड पाण्यातला, संथ आणि भलता खादाड मासा. जो त्याला चावत नाही, त्याच्या तोंडात मावत नाही आणि डिसेंबरातला बेळगावचा गारठा सोसतो, तोच त्याच्यासोबत टिकतो.

माशाच्या कुशीवर लालसर चट्टे, खवले निघालेले? मग हौदात सकर फिश आहे का बघा. ‘शेवाळ खातो, हौद साफ ठेवतो’ म्हणून दुकानदार हा मासा गळ्यात मारतात. लहानपणी तो शेवाळ खातोही. पण मोठा झाला की रात्री निवांत पडलेल्या गोल्डफिशला चिकटून त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. शिवाय तो उष्ण प्रदेशातला, थंडीत मलूल होतो. काढलात तर मलप्रभेत किंवा मार्कंडेयात सोडू नका, दुकानात परत द्या. परक्या माशाने नदीचं वाटोळं होतं.

शेपट्या कुरतडलेल्या दिसल्या तर संशय गंबुशिया या छोट्या माशावर घ्यावा. डासांसाठी म्हणून लोक तो आणतात. गप्पी बिचारा निरुपद्रवी, पण मोठा गोल्डफिश त्यालाच गिळतो. मुळात डासांच्या अळ्या गोल्डफिश स्वतःच फस्त करतो, मग हा खटाटोप कशाला?

पावसाळ्यात पोरं शेतातून चढणीचे मासे आणून हौदात सोडतात. त्यात मरळीचं पिल्लू असलं तर काही महिन्यांत छोटे गोल्डफिश एकेक करून गायब होतात आणि दोष मांजरावर जातो. अशा माशांबरोबर परजीवीही येतात. माशाच्या अंगावर दोऱ्यासारखं काही लोंबताना दिसलं, तर तो अँकर वर्म समजा आणि मासा लगेच वेगळा करा.

कासव तर नकोच. दुकानातलं लाल कानाचं पिल्लू नाण्याएवढं गोंडस असतं, वाढलं की मासे फाडतं. आणि आपल्या नद्यांतली बहुतेक कासवं पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

कोई जातीचा मासा चालतो, पण दोन फुटांपर्यंत वाढतो. लहान हौदात त्याची आणि इतरांचीही घुसमट होते. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागतात.

गोल्डफिशला सोबत गोल्डफिशचीच बरी, तीही एकाच जातीची. चपळ कॉमेट आणि गुबगुबीत ओरांडा एकत्र ठेवलेत, तर ओरांडाच्या वाट्याला दाणाच येत नाही. मोठ्या गोगलगायी चालतील. बेडूक जूनमध्ये न बोलावता येतात; पिवळाधमक मोठा बेडूक मात्र लहान मासे गिळतो, म्हणून पिल्लं असतील तर जाळी टाका.

नवा मासा कुठलाही असो, आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. टबात नळाचं पाणी भरलं असेल तर क्लोरीन घालवल्याशिवाय मासा सोडू नका.