गोधडी शिवायला दोघं बसा

थंडीच्या संध्याकाळी नवरा-बायकोने मिळून करावं असं सुंदर काम म्हणजे गोधडी. घरातल्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या काढा. सिंथेटिक साडी टाळा, आतला थर सरकतो आणि ऊबही तशी येत नाही. दोन सहावारी साड्या मधोमध दुमडून एकावर एक ठेवल्या की चार थर होतात. एकाला पांघरायला तेवढे पुरतात, शिवाय सुईही अडत नाही.

खरी मेख थर अंथरण्यात आहे. इथे दोन माणसं हवीतच. दोघांनी समोरासमोरची टोकं धरून कापड ताणायचं, जमिनीवर पसरायचं आणि हाताने सुरकुत्या बाहेर काढायच्या. मग लगेच वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला. ही पायरी गाळली तर मधे फुगा येतो, तो नंतर जात नाही.

कडा आत दुमडून धावदोरा घाला. एकाने एका बाजूने, दुसऱ्याने समोरून. दोघांचे टाके वेगळे दिसतील, ते दिसू द्या. दोरा जाड सुतीच घ्या. कच्चे टाके अगदी शेवटी उसवा.