आपल्या ब्रदरन मंडळीचा आणि घराण्यांचा इतिहास लिहायला घ्याल तेव्हा

ब्रदरन या आपल्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, स्मरणिका निघाली की पहिली पानं मिशनरी साहेब-मडमांच्या फोटोंना जातात. ज्यांनी देवळाच्या भिंती उभारल्या, पोरांना बाराखडी शिकवली, ती माणसं शेवटी 'इतर बंधुभगिनी' या एका ओळीत संपतात. मी डहाणू तालुक्यातली, शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि मला हे मनापासून खटकतं. म्हणून माझं सांगणं एकच: इतिहास घराण्यांपासून सुरू करा, मिशनपासून नको.

मिशनची चौकट लागतेच, पण ती पानभरात आटपा. १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी अलेक्झांडर मॅक आणि सोबती अशा आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला, तिथून ब्रदरन पंथ सुरू झाला आणि पुढे अमेरिकेत वाढला. १८९४ साली विल्बर व मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि त्यांनी वलसाडला काम मांडलं. १८९९-१९०० चा, म्हणजे संवत १९५६ चा, 'छप्पन्नचा दुष्काळ' पडला, मिशनने अनाथ मुलं सांभाळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲडम आणि ॲलिस ईबी डहाणूला आले. बस. यापुढे आपली माणसं.

पहिली मागायची ती लग्नाची नोंदवही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने तिचे रकाने ठरवून दिलेत: वय, अविवाहित की विधुर-विधवा, धंदा, राहण्याचं ठिकाण, बापाचं नाव, सह्या, साक्षीदार. एकेक नोंद सावकाश वाचा. नवऱ्याचं नाव योहान आणि बापाचं नाव जुन्या वळणाचं, वारली किंवा दुबळा या आदिवासी जमातींच्या घरातलं वाटणारं असेल, तर त्या घरात बाप्तिस्मा घेणारी ही पहिली पिढी असण्याचा संभव मोठा. राहण्याचं ठिकाण 'मिशन कंपाउंड' दिसलं तर तो बोर्डिंगचा मुलगा होता का, ते शाळेच्या जनरल रजिस्टरात शोधा. तिथे जन्मतारीख, गाव आणि शाळा सोडल्याचं कारण सापडतं. आणि साक्षीदार कधीच सोडू नका. तेच तेच दोन साक्षीदार वर्षानुवर्षं सह्या करताना दिसले की समजावं, मंडळीचा कणा ही दोन घरं होती, मग त्यांचं नाव कोणत्याही अहवालात नसो. बाईचा नुसता अंगठा असला तरी नोंदीत तिचं नाव आहे. ते माहेरच्या नावासकट उतरवून घ्या. बायकांची माहेरं लिहिली नाहीत तर अर्ध्या मंडळीचं नातं तुटतं.

बाप्तिस्म्याच्या आधीचं घर शोधायचं तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहीत. बाळाचं नाव बहुधा नसतं, 'अमक्यास मुलगा' एवढंच. मृत्यूचं कारण मात्र असतं, ताप, पटकी, देवी. अर्ज तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात करा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा, त्यामुळे जुन्या कागदांवर जिल्हा ठाणे असणार. जुन्या नोंदी मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारं माणूस सोबत हवं. जमिनीसाठी सातबारापेक्षा जुने फेरफार जास्त बोलतात: वारस कोण लागला, कोण गाव सोडून गेलं.

मग म्हाताऱ्या माणसांकडे जा. नाताळात जा, तेव्हा मुंबईला गेलेली लेकरंही घरी असतात आणि आजीला आठवण करून द्यायला चार माणसं भोवती बसतात. 'मंडळी कधी स्थापन झाली?' असं विचारलंत तर 'मला काय माहीत बाई' एवढंच हाती लागेल. 'प्रीतिभोजनाला तुमच्या शेजारी कोण बसायचं? तुमचे पाय कोण धुवायचं?' असं विचारा. आपल्यात या एकत्र जेवणाच्या उपासनेत पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे पाय धुतात, त्यामुळे या एका प्रश्नातून त्या काळच्या बायकांची ओळच्या ओळ निघते. कोण कुणाच्या जातीच्या घरातून आली होती आणि तरीही कुणाचे पाय हातात घेऊन बसली होती, हे ऐकताना माझा गळा दाटून येतो. आपल्या मंडळीचा इतिहास मला तिथे सगळ्यात खरा वाटतो.

साल विचारू नका, प्रसंग विचारा. 'मानमोडीच्या आधी की नंतर?' म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचं १९१८. 'वारल्यांच्या बंडाच्या वेळी पोर केवढं होतं?' म्हणजे १९४५. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, शके असेल तर ७८ मिळवा. वर्षभराचा फरक राहू शकतो. घरातल्या जुन्या बायबलाची पहिली कोरी पानंही उघडून बघा, जन्ममृत्यू तिथे लिहायची पद्धत होती.

एखादं मूल दुष्काळात सापडलेलं, एखादी बाई टाकलेली, असं निघेल. घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नका. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला.

अमेरिकेतलं ब्रदरन अभिलेखागार इलिनॉयमधल्या एल्गिन शहरात आहे, आणि 'मिशनरी व्हिजिटर' मासिकाचे जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. शोधताना वलसाडला बलसार (Bulsar) आणि ठाण्याला ठाना (Thana) अशी इंग्रजी स्पेलिंगं टाका. त्यात 'आमचा एक शिक्षक' असा बिननावाचा उल्लेख आला की तारीख आणि गाव टिपून ठेवा. लग्नाच्या वहीत 'धंदा: शिक्षक' शोधलं की पुष्कळदा माणूस सापडतो.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ब्रदरनही सामील झाले. काहींना ते ऐक्य मान्य नव्हतं आणि वाद न्यायालयात गेले. इतिहासाच्या वहीत मालमत्तेचा वाद आणू नका, पण दोन्हीकडची कागदपत्रं नम्रपणे मागा. पणजोबा एकच असतात.

कागद पावसाळ्यात उघडू नका. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. ओटीवर सावलीत ठेवून मोबाइलने फ्लॅशशिवाय फोटो काढा आणि मूळ कागद त्याच दिवशी ज्याच्या त्याच्या घरी परत द्या. कच्चा मजकूर रुंद समास सोडून छापा, उपासनेनंतर देवळात टेबलावर ठेवा, बाजूला पेन्सिली ठेवा. दुरुस्त्या येतील, भांडणंही येतील. दोन घरांची आठवण जुळली नाही तर दोन्ही छापा, सांगणाऱ्याच्या नावासकट.