मातीच्या पाट्यांचा वर्ग रंगवताना

प्राचीन सुमेरमधल्या (आजच्या दक्षिण इराकमधल्या) शाळेला एदुब्बा म्हणत, म्हणजे ‘पाट्यांचे घर’. पाटी मात्र दगडी नव्हे, ओल्या मातीची, आणि पेन्सिलीच्या जागी बोरू. भिंत माती, पाटी माती, बसायचा कट्टाही मातीच्या विटांचा. त्यामुळे अशा वर्गाचे रेखाचित्र जलरंगांनी रंगवायचे म्हणजे एकाच मातीच्या ओल्यापासून सुक्यापर्यंतच्या छटा. रंगपेटीतले निम्मे रंग उघडावेही लागत नाहीत.

गोव्यातली मुले माती म्हटली की तांबडा रंग घेतात. आपली जमीन जांभ्याची, भिंती चिऱ्यांच्या, तेव्हा त्यांचे चुकत नाही. पण निप्पूर, उर वगैरे शहरे नद्यांच्या गाळावर वसलेली. तिथली माती फिकट, करडी-पिवळसर. नमुना हवा तर चवथीआधी एखाद्या चित्रशाळेत जाऊन या. नुकताच घडवलेला गणपती गडद राखाडी असतो, सुकत चाललेला फिकट, आणि कडांवर आधी पांढुरका पडतो. पाट्यांना नेमके हेच लावायचे.

रेखाचित्राची प्रत लेझर प्रिंटरची किंवा झेरॉक्सची घ्या. इंकजेटच्या रेषा पहिल्याच पाण्यात पसरतात. जलरंगांसाठी ३०० जीएसएमचा जाड कागद फळीवर चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा. पातळ कागद वाळताना सुरकुततो आणि रंग खळग्यांत साचतो. ऊन वर डावीकडून येते असे धरून कोपऱ्यात पेन्सिलीने हलका बाण काढून ठेवा.

भिंतींसाठी यलो ऑकर तीन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, अल्ट्रामरीनचा नुसता स्पर्श आणि भरपूर पाणी. हा पातळ हात भिंत, जमीन, कट्टा यांवर एकदमच फिरवा. कपडे मात्र सोडा. लोकरीचे कपडे बहुतेक पांढरट-मळकट ठेवले की पुरते, तिथे कागदच पांढऱ्याचे काम करतो. मग थांबा. मे महिन्यात दहा मिनिटांत सुकणारा हात आषाढात अर्धा तासही घेतो. अर्धवट ओल्या रंगावर पाण्याने भरलेला कुंचला टेकवला की पाणी रंगाला कडेकडे ढकलते आणि फुलकोबीसारखे डाग पडतात. हाताची पालथी बाजू कागदाला लावून पाहा. गार लागला तर अजून ओल आहे.

सावलीसाठी काळा नको. त्याच मिश्रणात अल्ट्रामरीन वाढवा, दुसरा हात द्या. त्वचेला सिएना जास्त, ऑकर कमी. छप्पर सपाट असते, ताडाच्या जातीच्या खोडांवर बोरूच्या चटया आणि वर माती. मंगळुरी कौले काढलीत तर चित्र थेट म्हापशाला पोचेल. मागची झाडे खजुराची. माड नव्हेत: खजुराची पाने राखाडी-निळसर हिरवी, खोड जुन्या देठांच्या खुंटांनी खडबडीत. सॅप ग्रीनमध्ये थोडा अल्ट्रामरीन मिसळला की जमते.

आता पाट्या. मुलाच्या हातातली ओली: बर्न्ट अंबर दोन भाग, अल्ट्रामरीन एक भाग, चिमूटभर ऑकर. उन्हात ठेवलेली त्याच मिश्रणात दुप्पट पाणी घालून, कडेला आणखी फिकट. शिकाऊ मुलांच्या काही पाट्या गोल, चपट्या असत. गुरुजींनी ओळ उमटवायची, मुलाने ती गिरवायची. शाळेतल्या बहुतेक पाट्या भाजत नसत, म्हणून विटकरी रंग टाळा.

अक्षरांना शाई लावू नका. ती बोरूने दाबून उमटवलेली खूण आहे, म्हणजे खळगा. ऊन वरून डावीकडून असेल तर खळग्याची वरची-डावी बाजू सावलीत जाते आणि खालची-उजवी उजळते. उलट केलेत तर अक्षरे फोडांसारखी वर आलेली दिसतात. सर्वाधिक चित्रे इथेच बिघडतात. शून्य नंबरच्या कुंचल्याने, पाटीच्याच गडद मिश्रणाने, छोटा त्रिकोण आणि त्याला बारीक शेपटी एवढेच. दूरच्या पाट्यांवर नुसत्या तुटक ओळी पुरेत.

खरा गडद रंग एकाच जागी शोभतो. निप्पूरला १९५१-५२ च्या उत्खननात सापडलेल्या, इ.स.पू. १७४० च्या सुमाराच्या, शाळा भरणाऱ्या एका घरात लिहून झालेल्या पाट्या भिजवून पुन्हा मळण्यासाठी डांबराने लिंपलेली कुंडी होती. अंगणाच्या कोपऱ्यात अशी कुंडी असली तर अंबर आणि अल्ट्रामरीन जवळजवळ पाण्याविना लावा, आत भिजलेल्या मातीचा गोळा ठेवा.

टेप पूर्ण सुकल्यावरच, कागदाशी निमुळता कोन ठेवून हळू सोडवा, नाहीतर कड सोलून येते. पावसाळ्यात चित्र काचेला चिकटू देऊ नका. मध्ये माउंटचा पुठ्ठा हवा, नाहीतर महिन्याभरात बुरशीचे ठिपके उठतात.