लिफ्टिंगच्या (विक्रीसाठी पक्षी उचलण्याच्या) आधीचे बारा तास: ब्रॉयलरचं पोट सांभाळा, मांस आपोआप स्वच्छ राहील

पादरा, डभोई, सावली, करजण या पट्ट्यातले ब्रॉयलरवाले पाच-सहा आठवडे पाणी, गादी (शेडमध्ये अंथरलेलं तूस), लसी सगळं मनापासून सांभाळतात, आणि शेवटच्या रात्री गाडीच्या घाईत पक्ष्याचं पोट बिघडतं. वडोदऱ्यातल्या गिऱ्हाइकाच्या ताटात काय जाणार, हे बऱ्याच अंशी त्या रात्री ठरतं. म्हणून जास्त लक्ष तिथेच द्यायचं.

आधी आत काय होतं ते समजून घ्या. उकाडा, उपास, गर्दी, पकडापकड यांनी पक्ष्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि आतड्याच्या नसांमधून नॉरअॅड्रेनलिन सुटतं. हे रसायन जंतूंच्याही उपयोगी पडतं. ई. कोलाय, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू त्याच्या मदतीने प्रथिनांशी बांधलेलं लोह सोडवून घेतात आणि भराभर वाढतात. पोटातले उपकारक लॅक्टोबॅसिलस मात्र अशा वेळी कमी होतात. उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं, आतड्याला कमी पडतं, अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि जंतू पार यकृतापर्यंत पोचतात. पक्षी वरून ठणठणीत दिसतो, कारण कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीला सहसा आजारी पाडत नाही. तो माणसाला पाडतो.

आता खाद्य कधी काढायचं? शेवटचा घास आणि कत्तल यांत 8 ते 12 तास असावेत, आणि यात पकडणं, गाडीचा प्रवास, दुकानातलं थांबणं सगळं धरायचं. कत्तल सकाळी 6 ला असेल तर फीडर (खाद्याची भांडी) रात्री 8 ते 9 च्या दरम्यान वर उचला. आठ तासांपेक्षा कमी उपास झाला तर आतडी भरलेली राहतात आणि सुरीचा जरा धक्का लागला की विष्ठा मांसावर सांडते. बारा-चौदा तासांच्या पुढे गेलात तर उलट त्रास होतो. अस्तर सुटायला लागतं, आतड्याची भिंत पातळ होते, आत गॅस धरतो आणि ती ओढताना फाटते. पित्ताशय फुगतं, यकृतावर हिरवे डाग पडतात.

त्याहून वाईट गोष्ट गळ्यातल्या अन्नपिशवीत घडते. एरवी तिथे लॅक्टोबॅसिलस आम्ल तयार करतात आणि साल्मोनेलाला डोकं वर काढू देत नाहीत. उपासात आम्ल कमी होतं, आणि भुकेला पक्षी गादी टोचायला लागतो. विष्ठेने माखलेलं तूस पिशवीत जातं, तेही नेमकं पिशवीचा बचाव ढिला पडलेला असताना.

पाणी मात्र पक्षी हाताने उचलेपर्यंत चालू ठेवायचं. खाद्य काढल्यापासून पाण्यात 0.44 टक्के लॅक्टिक आम्ल दिलं तर पिशवीतले साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर कमी होतात, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. 88 टक्क्यांचं खाद्य दर्जाचं आम्ल मिळालं तर 100 लिटर पाण्याला 500 ग्रॅम पुरतं. ते क्लोरीनच्या द्रावणात कधीही ओतू नका, विषारी वायू सुटतो. आधी टाकी क्लोरीनच्या पाण्यापासून रिकामी करा, लाइन साध्या पाण्याने धुवा, मगच आम्ल घाला. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांना ते खातं, म्हणून काम झालं की पुन्हा धुवून काढा. पक्षी पाणी कमी पीत असतील तर प्रमाण घटवा. आम्ल न मिळालेल्या पक्ष्यापेक्षा तहानलेला पक्षी वाईट.

गाडी लागण्याआधी शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले दहा पक्षी उचला आणि छातीच्या वर, गळ्याच्या बुडाशी बोटांनी चाचपा. मऊ, रिकामी पिशवी लागली तर ठीक. कणकेसारखी लागली तर खाद्य उशिरा काढलंय. बोटांना खरखरीत, टोचरं लागलं तर पोटात तूस गेलंय, म्हणजे उपास लांबला. पुढच्या लॉटला फीडर उशिरा उचला आणि गादी कोरडी ठेवा.

पकडताना दिवे मंद करा, जमलं तर निळे लावा. एका हातात तीनपेक्षा जास्त पक्षी नकोत, आणि एका पायाला धरून लटकवायचं तर अजिबात नाही. क्रेटचा हिशेब असा: दर किलो वजनाला 160 चौरस सेंटिमीटर. 80 बाय 50 च्या क्रेटमध्ये दोन किलोचे बारा पक्षी मावतात. मे महिन्यात नऊ-दहाच भरा. क्रेटवर कालची विष्ठा वाळलेली असेल तर बाकीची मेहनत वाया. ब्रशने घासा, जंतुनाशक मारा, उन्हात वाळवा.

आपल्याकडे एकाच शेडमधून तीन-चार दिवस थोडे थोडे पक्षी उचलतात. प्रत्येक फेरीला बाहेरचे बूट आणि क्रेट आत येतात, मागे राहिलेले पक्षी विनाकारण उपाशी राहतात आणि कॅम्पिलोबॅक्टर शिरायला वाट मिळते. शक्य असेल तर शेड एका रात्रीत रिकामी करा. नसेलच जमत, तर जाळीने भाग पाडा आणि त्या रात्री जाणाऱ्या भागाचंच खाद्य काढा.

उन्हाळ्यात सकाळी 10 ते संध्याकाळी 5 फीडर वर, पाणी थंड. जूनमध्ये हवा दमट झाली की फॉगर (पाण्याचा बारीक फवारा) बंद करून फक्त पंखे चालवा, नाहीतर गादी ओली होते. मुठीत दाबलेलं तूस हात उघडल्यावर हळूहळू सुटलं पाहिजे. गोळा राहिला तर ते ओलं आहे.

ताण दिसला की अँटिबायोटिक देण्याची सवय सोडा. ती चांगले जंतूही मारते, आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर 2019 पासून बंदीच आहे. पिल्लांच्या पहिल्या दिवसांत प्रोबायोटिक (उपकारक जिवंत जंतू) द्या. प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जंतू दिले तर पिल्लू साल्मोनेलाला थोपवतं, हे फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी 1973 मध्येच दाखवलं. फक्त प्रोबायोटिकच्या पाण्यात क्लोरीन नको, ते औषधच मरेल. एरवी निपलपाशी (पक्षी पाणी पितात त्या तोटीपाशी) क्लोरीन 3 ते 5 पीपीएम (दहा लाख भागांत 3 ते 5 भाग) ठेवा.

दुकानदाराला एवढं सांगून ठेवा: सकाळच्या गाडीतले पक्षी संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यात राहणार असतील तर पाणी समोर हवं, आणि रात्र काढणार असतील तर खाद्यही. कापताना आतडं फाटलंच, तर तो पक्षी सगळ्यांच्या बादलीत बुडवू नये. माखलेला भाग कापून टाकावा, आणि पुढचा पक्षी घेण्याआधी सुरी, पाट, हात साबणाने धुवावेत. घरी नेलेलं चिकन नळाखाली धुवायचं नाही, शिंतोड्यांनी ओटा माखतो; 4 अंशांच्या आत ठेवायचं आणि सर्वांत जाड तुकड्याच्या आत 74 अंश येईपर्यंत शिजवायचं.