स्टिअरिंग वळवताना घुंई आवाज येतोय? पंप बदलण्याआधी एवढं तपासा

गाडी पार्किंगमध्ये लावताना स्टिअरिंग वळवलं की बॉनेटखालून ‘घुंईऽऽ’ असा आवाज येतो, रेस वाढवली की तो चढतो आणि चाकं सरळ झाली की उतरतो. हा आवाज हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा. पण पंप ओरडतोय म्हणजे तो गेला, असं नाही. पुष्कळदा त्याला ऑइल पुरत नसतं किंवा ऑइलबरोबर हवा ओढली जात असते. पाण्याच्या मोटरने हवा धरली की तिचा सूर बदलतो, तसंच हे. म्हणून तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करावी आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी लावावा.

त्याआधी एक खात्री करा. बॉनेटखाली स्टिअरिंगचं चित्र असलेल्या झाकणाची छोटी टाकी आहे ना? पूर्ण इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीत ती नसते आणि खालचं काहीच तिला लागू नाही.

१. आवाज ओळखा

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आता स्टिअरिंग सावकाश दोन्ही बाजूंना फिरवा. वळवताना घुंई वाढली तर पंपाच्या बाजूचं काम आहे. चिरकी किंचाळी आली तर बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालेला असू शकतो. उभ्या गाडीत काहीच नाही, पण धावताना वेगाबरोबर घरघर वाढते, तर व्हील बेअरिंग पाहा. स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेल्यावर येणारा सुस्कारा किंवा गुरगुर मात्र दोष नव्हे. तेव्हा जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडलेला असतो. तिथे चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, ऑइल भराभर तापतं.

२. टाकी उघडा

गाडी सपाट जागी ठेवून, इंजिन बंद करून, झाकणाभोवतीची धूळ पुसून मगच उघडा. पातळी खुणांशी ताडून पाहा. गरम आणि थंड ऑइलच्या खुणा बऱ्याचदा वेगळ्या असतात. त्यानंतर ऑइल नीट बघा. फेस किंवा दुधाळपणा म्हणजे हवा. काळपट रंग आणि करपट वास म्हणजे ऑइल बदलायची वेळ झाली. मला आवडणारी चाचणी अशी: इंजिन चालू ठेवून कुणाला तरी ते बंद करायला सांगा आणि तुम्ही टाकीकडे पाहत राहा. बंद होताच पातळी ठळकपणे वर चढली तर ऑइलमध्ये हवा अडकली आहे.

ऑइल कमी असेल तर झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, काहींना वेगळंच लागतं, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. ब्रेक ऑइल चुकूनही नको. त्याने सील खराब होतात.

३. ऑइल गेलं कुठे?

हे बंदिस्त चक्र आहे, ऑइल आपोआप संपत नाही. पंपाची शाफ्ट, होजची (ऑइलच्या नळ्यांची) टोकं आणि रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंचे रबरी बूट ओले आहेत का पाहा. बूट दाबल्यावर आत ऑइल डचमळलं तर रॅकचं सील गेलं आहे आणि ते काम गॅरेजचं. इंजिन चालू असताना प्रेशर होजवरून हात फिरवू नका. ऑइल गरम आणि प्रचंड दाबाखाली असतं.

आता फसवी जागा. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या जाड होजमध्ये दाब नसतो, ओढ असते. तिथला क्लॅम्प ढिला असेल किंवा ओ-रिंग (जोडावरची गोल रबरी रिंग) कडक झाली असेल तर बाहेर थेंबही न गळता हवा आत जाते. नवा पंप बसवूनही घुंई जात नाही, तेव्हा इथेच बघावं. चांगला क्लॅम्प आणि नवी ओ-रिंग हा किरकोळ खर्च आहे. टाकीच्या तळाशी जाळी असेल तर तीही गाळाने बुजते. ती साफ होत नसेल तर टाकीच बदला.

४. हवा काढा

पुढची चाकं जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेका. नुसत्या जॅकवर ठेवू नका. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवा. मधूनमधून ऑइल भरत राहा, टाकी रिकामी पडू देऊ नका. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा आणि टोकाला न थांबता पुन्हा काही वेळा फिरवा. फेस दिसलाच तर इंजिन बंद करून गाडी थोडा वेळ तशीच सोडा. घाई केली की फेस वाढतो.

५. मग पंप

एवढं करूनही आवाज राहिला तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून ऐका. नंतर तुलनेसाठी तसंच अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला). सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस बेल्टपासून लांब ठेवा. खरखर पंपातूनच येत असेल किंवा ऑइलमध्ये धातूची चमक दिसत असेल, तर पंप झिजला आहे. तो बदलताना जुनं ऑइल सगळं काढून लाइन धुऊन घ्यायला मेकॅनिकला सांगा, नाहीतर आतला धातूचा कीस नव्या पंपालाही खाईल.