सेक्टर पंधरा, पण कुठला? स्पोर्ट्स सायन्स शिकायला नवी मुंबईत येणाऱ्या मुलामुलींसाठी

नवी मुंबईत आले त्याच दिवशी मी चुकले. खोली बघायची होती आणि चिठ्ठीवर नुसतं ‘सेक्टर १५’ लिहिलेलं. वाशी स्टेशनबाहेर रिक्षात बसले, सेक्टर पंधराला उतरले आणि तासभर एकेका सोसायटीची पाटी वाचत फिरले. खोली होती बेलापूरच्या सेक्टर पंधरात. सिडकोनं हे शहर नोड, म्हणजे वाशी, नेरुळ, बेलापूर असे वेगवेगळे विभाग, पाडून वसवलं आणि नोड बदलला की सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून सुरू केले. त्यामुळे पत्ता विचारताना आधी नोड, मग सेक्टर, मग प्लॉट नंबर. त्या दिवशी रिक्षाला गेलेले पैसे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. ती वही पुढं फार कामी आली, ते सांगतेच.

मी म्हसवडकडची, २०११ साली आले. आमच्या माण तालुक्यात पाऊस कमी आणि पळणारी माणसं जास्त. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावी आलेली ललिता बाबर आमच्याच तालुक्यातली, मोहीची. मी काही त्या पातळीची नव्हते. जिल्ह्यापर्यंत ८०० मीटर पळायचे, एवढंच. पण पळता येतं म्हणजे हा अभ्यास जमेल, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि मीही. पहिल्या सत्रात निम्मा वर्ग याच समजुतीत असतो.

तुम्हीही तसेच येत असाल, तर आधी पदवीचं नीट समजून घ्या. गावाकडं सगळ्याला मिळून ‘पीटी’ म्हणतात. पण शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. लागतं आणि ते पदवीनंतर दोन वर्षांचं असतं. दुखापतीवर उपचार करायचे तर फिजिओथेरपी, म्हणजे बी.पी.टी.; त्याचा प्रवेश, इंटर्नशिप, नोंदणी सगळंच निराळं. स्पोर्ट्स सायन्समध्ये आपण खेळाडूची क्षमता मोजतो, सराव आखतो, दुखापत होऊ नये म्हणून काम करतो. झालेल्या दुखापतीवर इलाज करायचा अधिकार या पदवीनं मिळत नाही. हे शेवटच्या वर्षाला कळून रडलेली मुलं मी पाहिली आहेत. सरकारी भरतीवर डोळा असेल तर जुनी जाहिरात काढून तिथं कोणती पदवी मागितली होती ते वाचा आणि मगच फी भरा. शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या, बऱ्याच योजना खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू होत नाहीत. ‘होईल काहीतरी’ असं काउंटरवरचा माणूस म्हणाला तर ते लेखी मागा. माझ्या कॉलेजात असंच ‘होईल’ म्हणाले होते. झालं नाही, आणि वडिलांनी दोन शेळ्या विकल्या.

राहायला कुठं? सेक्टरमधल्या सोसायट्यांत भाडं जास्त, डिपॉझिट मोठं, वर दलाल महिन्याचं भाडं घेतो. आमच्यासारखी पोरं गावठाणात राहतात: शिरवणे, दारावे, करावे, सारसोळे. शहर येण्याच्या कितीतरी आधीपासूनची ही आगरी-कोळ्यांची गावं. घरांना घरं चिकटलेली, उजेड कमी, पण भाडं झेपतं आणि शेजारपाजार असतो. अकरा महिन्यांचा करार आणि पोलीस पडताळणी मात्र करून घ्याच, घरमालक कितीही ‘आपलाच मानूस’ म्हणाला तरी.

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही काकी म्हणायचो. पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर बसून पायाचे स्नायू पाठ करत होते. मराठी माध्यमातून आलेली, तोंडाला फेस येत होता. काकी शेजारी मासे साफ करत होत्या. चपटा, चपलेच्या तळव्यासारखा मासा. नाव विचारलं तर म्हणाल्या, “लेपा गं, खाल्ला नाय का कधी?” आणि माझ्या पुस्तकात लिहिलं होतं, पोटरीतल्या खालच्या चपट्या स्नायूला सोलियस म्हणतात, कारण लॅटिनमध्ये सोलिया म्हणजे चप्पल, या चपट्या माशालाही तेच नाव. त्याच्या वरचा फुगीर तो गॅस्ट्रोक्नेमियस, ग्रीकमध्ये ‘पायाचं पोट’. आपण तरी काय म्हणतो? पोटरी! म्हणजे तो अवघड शब्द अगदी आपल्याच वळणाचा निघाला. तेव्हापासून मी प्रत्येक नावाचा अर्थ शोधत गेले. बायसेप्स दोन डोक्यांचा, ट्रायसेप्स तीन, क्वाड्रिसेप्स चार. इंग्रजीला घाबरायचं कारण नाही, कारण हे शब्द इंग्रजीचेही स्वतःचे नाहीत. आपल्या शेजारी बसलेल्या कॉन्व्हेंटच्या मुलीलाही ते पाठच करावे लागतात.

प्रवासाचं थोडक्यात. ठाण्याहून येणार असाल तर ट्रान्स-हार्बरच्या गाड्या नऊ-दहा नंबरच्या बाजूला लागतात. इंडिकेटर वाचूनच चढा. तुर्भ्यानंतर वाशीची गाडी सानपाड्याकडं वळते आणि पनवेलची जुईनगर-नेरुळकडं जाते. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासाचा दाखला कॉलेजातून मिळतो. तो पहिल्याच आठवड्यात घ्या, नंतर ऑफिसमध्ये झुंबड असते.

आता अभ्यासाचं. आमचं पहिलं खरं प्रॅक्टिकल होतं स्टेप टेस्ट. ४१.३ सेंटिमीटर उंचीचं बाकडं, समोर टिकटिक करत ठेका देणारं यंत्र, मेट्रोनोम. मुलींना मिनिटाला २२ वेळा आणि मुलांना २४ वेळा चढउतार, सलग तीन मिनिटं. थांबल्यावर उभ्यानंच नाडी धरायची, पाचव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत ठोके मोजायचे आणि चारनं गुणायचं. माझे ३७ आले, म्हणजे १४८. मुलींचं सूत्र असं: ६५.८१ वजा ०.१८४७ गुणिले ठोके. उत्तर साधारण ३८.५. शरीर जास्तीत जास्त जोर लावतं तेव्हा दर किलो वजनामागं मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतं, त्याचा हा अंदाज. त्यालाच व्हीओटू मॅक्स म्हणतात.

माझी जोडीदारीण म्हणाली, “अगं, ३६ होते.” मी म्हटलं, एका ठोक्यानं काय फरक पडतो? सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. एक ठोका चुकला की गुणाकारात चार चुकतात. मुलींच्या सूत्रात उत्तर पाऊण मिलिलिटरनं हलतं, आणि मुलांच्या सूत्रात ०.४२ नं गुणतात म्हणून तब्बल १.७ नं. सहा आठवडे घाम गाळून एखाद्याची क्षमता तेवढीच वाढलेली असू शकते. म्हणजे ती वाढ खरी की तुमच्या बोटाची चूक, हे कळायला मार्गच उरत नाही. त्या दिवशी माझ्यातली पळणारी पोरगी जरा मागं सरली आणि मोजणारी पुढं आली. हा अभ्यास असाच आहे. मैदानावर तुम्ही कितीही चमकलेले असा, इथं हातात स्टॉपवॉच, कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) आणि वही असते, आणि तेच मोजमाप दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं तर तेवढंच यावं लागतं. कातडीची घडी चिमटीत धरून चरबी मोजायला शिकताना माझा महिना गेला. आकडे दरवेळी वेगळे यायचे, कारण मी खूण न करता अंदाजानं पकडत होते. पेननं खूण करा, उजव्याच बाजूला मोजा, घाम पुसून घ्या. सांख्यिकीचा तास चुकवू नका. सगळे तो चुकवतात आणि प्रोजेक्टच्या वेळी माझ्यासारख्यांच्या दारात येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे घाम, आणि घाटावरून येणाऱ्यांनी ती गंभीरपणे घ्यावी. आमच्याकडं ऊन भाजतं, पण हवा कोरडी असते. घाम आला की उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथं खाडीची दमट हवा. घाम उडत नाही, नुसता गळतो, आणि गळलेल्या घामानं अंग थंड होत नाही. पहिल्या आठवड्यात मी गावच्याच वेगानं पळायला गेले आणि नेरुळच्या तलावाकाठी, ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या फेरीत, डोळ्यांपुढं अंधारी येऊन कठड्यावर बसले. शरीराला अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर वेग कमी ठेवा, पहाटे पळा. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. माझी एक नोंद अशी: आधी ५४.२ किलो, तासाभरानं ५३.४, मधे प्यायलेलं पाणी ३०० मिलिलिटर. म्हणजे घाम गेला साधारण १.१ लिटर. हा आकडा ज्याचा त्याचा वेगळा, म्हणून मैत्रिणीची बाटली बघून पाणी पिऊ नका. पाम बीच रोडवर पळू नका, तिथं गाड्या कुणाच्या बापाच्या नसल्यासारख्या सुटतात. चढाचा सराव हवा असेल तर बेलापूरचा पारसिक हिल बरा. पावसाळ्यात बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर धड पायाची मुलं बुरशीनं घरी बसतात.

खाण्याचं रडगाणं सगळ्यांचंच असतं. मेसच्या डाळीत डाळ शोधावी लागते. नियमित सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागं दिवसाला १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या मुलाला किमान ८४. एका अंड्यातून मिळतात सहा. त्यासाठी प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणायची गरज नाही. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दूध, अंडी, सोयाबीनच्या वड्या, आणि गावठाणात राहत असाल तर काकीच्या हातचा सुका जवळा. घरून येताना ज्वारीचं पीठ आणा, पण भाकरी थापायला शिकून या. मी शिकले नव्हते.

डब्याचा विषय निघालाच आहे तर ऐका. दुसऱ्या वर्षापासून बरेच जण संध्याकाळी जिममध्ये ट्रेनर म्हणून लागतात. वाईट नाही; हातखर्च सुटतो, माणसं हाताळायला येतात. पण काही ठिकाणी पगाराबरोबर ‘हे पोरांना खपव’ म्हणून पावडरी देतात, आणि मागच्या खोलीत इंजेक्शनं असतात. ‘टर्मिन’ हे नाव कानावर येईल. ते मेफेन्टरमीन, रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णासाठीचं औषध. खेळात त्यावर बंदी आहे आणि सुदृढ माणसाच्या हृदयाशी तो जुगार आहे. मी ज्या जिममध्ये होते तिथं हे बघितलं आणि तिसऱ्या महिन्यात सोडलं. राहिलेला पगार मिळाला नाही. शिवाय तुम्ही स्वतः स्पर्धेत खेळत असाल तर लक्षात ठेवा, नमुन्यात बंदी असलेलं काही सापडलं की नाडा, म्हणजे खेळातली उत्तेजकं रोखणारी राष्ट्रीय संस्था, आधी तुम्हालाच जबाबदार धरते. ‘ट्रेनरनं दिलं’ म्हणून सुटका होत नाही.

कामं मिळतात का? मिळतात, पण पदवी हातात पडली म्हणून कुणी दारात येत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर महिनाभर माझ्याकडं आठ-दहा वर्षांच्या लेकींना घेऊन आईबाप येत होते. सगळ्यांना बॉलिंगचा वेग हवा. मी आधी त्या मुलींना एका पायावर उभं राहायला सांगते. आईबाप हिरमुसतात.

शेवटी मामाचं सांगते, कारण माझा पहिला प्रोजेक्ट त्याच्यावरच झाला. मामा कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत राहतो. साताऱ्याकडची कितीतरी कुटुंबं तिथं आहेत, तुमचंही कुणीतरी असेल. तेव्हा तो कांदा-बटाटा मार्केटात टोळीत होता. पन्नास किलोच्या गोण्या, दिवसभर. “मला व्यायाम नको, मी रोजच करतो,” असं म्हणायचा. मी मुकादमाला विचारून एक दिवस ट्रकजवळ उभी राहिले. गोण्या उतरवून तो टेकला तसं मनगट धरलं. पंधरा सेकंदांत ३६, म्हणजे १४४. तेव्हा तो ४६ वर्षांचा. २२० वजा वय केलं तर त्याची कमाल १७४ येते. हे सूत्र ढोबळच, दहा-बारा ठोके इकडंतिकडं होतात, तरी तो पावसासारखा निथळत ऐंशी टक्क्यांवर होता. मग हृदय दणकट असायला हवं ना, आणि टेकल्यावर नाडी संथ? घरी, सकाळी उठल्याउठल्या मोजली तर नाडी ८८.

सरांना विचारलं. ते म्हणाले, यावर अभ्यासकांत वाद चालू आहे. पण एक म्हणणं असं, की सरावात थोडा वेळ जोर आणि मग भरपूर विसावा असतो, तर हमालीत तासन्‌तास ओझं, वर चढलेला रक्तदाब आणि विसाव्याला जागा नाही. शरीराला सावरायलाच वेळ मिळत नाही. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, “मग आता गोण्यांना सुट्टी देऊ का?” मामी हसली आणि मी गप्प बसले. माझ्या वहीत त्याला उत्तर नव्हतं.

आता तो निवृत्त झाला. रोज सकाळी चालतो आणि परत आल्यावर पंधरा मिनिटं टेकून, घड्याळ समोर ठेवून स्वतःची नाडी मोजतो. परवा फोन आला, “बाहत्तर. लिहून घे.”